वणव्याची जाळरेषा डिसेंबरातच काढून घ्या

होळी जवळ आली की आमच्याकडे रात्री झोपायच्या आधी डोंगराकडे एक नजर टाकायची सवयच आहे, लाल माळ दिसली की समजायचं सुटला वणवा. पण तेव्हा पळापळ करून बाग वाचत नाही हो, खरं काम डिसेंबरातलं असतं, जाळरेषा काढायचं, म्हणजे आग अडवायला बागेच्या कडेने गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करायचं. कोकणात उतारावर आंबा-काजू असलेल्यांसाठी हे लिहितोय, घाटावरच्यांनी वाऱ्याचा हिशोब आपापला लावावा.

गवत पिवळं पडलं की बागेच्या कडेने दोन समांतर पट्टे साफ कापून घ्यायचे, मध्ये दहा-पंधरा फूट गवत उभं ठेवायचं आणि ते चांगलं वाळलं की जाळायचं. कमरेएवढं गवत असेल तर अजून रुंद घ्या. पाचोळा खराट्याने ओढून माती दिसेपर्यंत साफ करा, नुसतं गवत कापून तिथेच टाकलं तर ती जाळरेषा नाही, वात आहे! वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक हवीच, आणि खालची जास्त रुंद, कारण आग चढणीला पळते.

जाळायचं पहाटे, दव असताना. तेव्हा मतलई वारा घाटाकडून समुद्राकडे असतो आणि मंद असतो, दुपारी खारा वारा सुटला की तोच जाळ डोंगरावर चढवतो. चार-पाच माणसं, हातात निरगुडीचे ओले टहाळे, पाण्याचा पंप पाठीवर. बाजूला राखीव जंगल असेल तर आधी फॉरेस्ट गार्डला सांगा, तिथे आग गेली तर १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा होतो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्या भाजावळीचंही तेच, आमच्या वाडीत एकाने दुपारी तरवा भाजायला घेतला आणि जेवायला घरी गेला, शेजाऱ्याची चाळीस कलमं गेली.

वणवा लागलाच तर १९२६ वर फोन करा, वनखात्याचा टोल फ्री नंबर आहे. उपग्रहाचे अलर्ट येतात, पण त्यातल्या चांगल्यातल्या चांगल्या सेन्सरचा एक ठिपकाच ३७५ मीटरचा, तुमची बाग त्यात मावून जाते, तेव्हा डोळे उघडे ठेवा. आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका, जळून गेलेल्या काळ्या जागेतून कडेकडेने झोडपत जा.

आणि ते "जाळलं की गवत चांगलं येतं" म्हणणारे काका प्रत्येक गावात असतात. कोंब हिरवेगार फुटतात हे खरं, पण दरवर्षी जाळलं की कुसळी नावाचं गवत माजतं, तिचं बी स्वतःला पीळ देत मातीत घुसतं म्हणून आगीतून वाचतं, आणि कुसळं धरली की गुरं तोंड लावत नाहीत. पळस, कुंभा जाड सालीमुळे परत फुटतात, बाकी झाडांची रोपं मात्र संपतात. लाव्यांची अंडी जातात. पाचोळाच नाही म्हटल्यावर पहिल्या पावसाला राखेबरोबर माती ओढ्यात.

होरपळलेली काजूची कलमं लगेच तोडू नका, पाऊस पडेपर्यंत थांबा, बुंध्यावरून फुटवा येतो. वणवा विझल्यावर मात्र लगेच घरी जायचं नाही. वाळका ओंडका आतून धुमसत असतो, हाताची उलटी बाजू जवळ नेऊन ऊब बघा, माती टाका आणि रात्री वारा फिरला की परत एक चक्कर मारा.