जुने चित्रपट हातात काम घेऊन कसे बघावेत

मी ब्लाउज शिवते. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरात दुसरी मोकळी खोली नाही, म्हणून मशीन आणि टीव्ही एकाच खोलीत. त्यामुळे चित्रपट पारखायची माझी पद्धत अगदी सोपी आहे. पायडलवरचा पाय आपोआप थांबला तर चित्रपट चांगला. ज्यांना रिकाम्या हातांनी टीव्हीसमोर बसवत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी काम ठरवा, मग चित्रपट. लोक उलट करतात, आणि मग शिवण तरी वाकडी जाते किंवा प्रसंग तरी चुकतो. बोलका विनोदी चित्रपट असेल तर फॉल घ्या. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) आपल्या सगळ्यांना पाठच आहे. मान वर न करता दोन साड्यांचे फॉल लागतात. मशीन मात्र नको. खडखडाटात अशोक सराफांचं पुटपुटणं बुडतं, आणि त्यांची निम्मी गंमत पुटपुटण्यातच असते.

‘सामना’ला हूक-काजं. श्रीराम लागू आणि निळू फुले बोलत असतात तोवर कानांवर भागतं. पण निळू फुले गप्प झाले की सुई खाली ठेवून वर बघा. त्यांचं गप्प बसणं ऐकू येत नाही.

परभाषेतला असेल तर काम बाजूलाच ठेवा. पूर्वी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे, खाली इंग्रजी अक्षरं. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्या बंगाली, मल्याळम काहीही शेवटपर्यंत बघायच्या आणि संध्याकाळी मला गोष्ट सांगायच्या. त्यांची गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा बरीच वेगळी असायची. काही वेळा तीच बरी वाटायची.

नवख्यांनी खास टीव्हीसाठी बनवलेल्या चित्रपटांपासून सुरुवात करावी. ते आटोपशीर असतात, आणि छोट्या पडद्यासाठी केलेले असल्यामुळे चेहरे जवळून दिसतात. ‘सद्गती’ सत्यजित राय यांनी 1981 मध्ये दूरदर्शनसाठी केला, प्रेमचंदांच्या कथेवरून. तासाभराच्या आत संपतो. मी मनात म्हटलं, तेवढ्यात एका ब्लाउजचं पाइपिंग होईल. ओम पुरी ओंडक्यावर कुऱ्हाड घालतात, ओंडका फुटत नाही, पुन्हा घालतात, पुन्हा नाही. पाय कधी थांबला मला कळलंच नाही. जेवढं पाइपिंग झालं होतं तेही दुसऱ्या दिवशी उसवावं लागलं. ‘तमस’ (1988) भागाभागांनीच बघा, तो तसाच दाखवला होता. मी एकदा सगळे भाग सलग बघितले आणि रात्रभर जागी होते.

भाच्याने ‘ड्युएल’ लावून दिला, तेव्हा वेगळीच फजिती झाली. स्टीव्हन स्पीलबर्गने 1971 मध्ये अमेरिकन टीव्हीसाठी केलेला हा चित्रपट. रस्त्यावर एक मोटारवाला आणि त्याच्या मागे लागलेला अवाढव्य ट्रक, बस एवढंच. ट्रकवाल्याचा चेहरा काही दिसत नाही. माझ्या मशीनला मोटर आहे, त्यामुळे ट्रक कुठला घरघरतो आणि मशीन कुठलं, हेच कळेना. टीव्हीवर तो 74 मिनिटांचा होता. नंतर थिएटरसाठी सुमारे 90 मिनिटांचा केला, शाळेच्या बसचा प्रसंग तेव्हाच वाढवलेला. तंग ब्लाउजला बगलेत कापड जोडावं तसा तो मला दिसतो. काम चालून जातं, पण जोड लपत नाही.

म्हणूनच बसण्याआधी प्रत किती मिनिटांची आहे ते बघा. फार वर्षांपूर्वी आम्ही एका व्हिडिओ लायब्ररीतून ‘सिंहासन’ आणला होता. शेवटाकडे आला आणि एकदम कुणाच्या तरी लग्नातला केक कापायला सुरुवात झाली. कॅसेटवर कुणीतरी लग्न भरलं होतं! त्यातल्या पत्रकाराचं, दिगू टिपणीसचं, पुढे काय झालं, ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. पण दोन-चार मिनिटं कमी असली म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी, म्हणजे 24 स्थिर चित्रांनी चालतो, आपल्याकडचा जुना टीव्ही 25 ने. टीव्हीसाठी उतरवलेली प्रत त्यामुळे जराशी वेगात पळते आणि 100 मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत आटोपतो. त्यात कापाकापी काही नसते.

टीव्हीचं एक काम एकदाच करून टाका. जुनं चित्र जवळपास चौकोनी असतं. नवा टीव्ही ते ताणून रुंद करतो, मग दुर्गा खोटेही फुगलेल्या दिसतात. झूम केलं तर डोकी उडतात. सेटिंगमध्ये जाऊन 4:3 करा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. चित्र गुळगुळीत करणारी मोशनची सोयही बंद करा, नाहीतर चित्रपट मालिकेसारखा दिसतो.

आता आपल्या घरचा चित्रपट, ‘त्रिकाल’ (1985). श्याम बेनेगल यांनी तो लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या वडिलोपार्जित घरात चित्रित केला. आमच्याकडून बोरीचा पूल ओलांडला की लोटली जवळच. गोष्ट 1961 ची, पोर्तुगीज जायच्या वेळची. त्या गोंयकार घरात सगळे अस्खलित हिंदी बोलतात, ते ऐकून शेजारची टीचर आधी दहा मिनिटं हसत होती. लीला नायडू आल्यावर गप्प बसली. चित्रपटातले कितीतरी प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात आहेत. काही दिसत नाही म्हणून टीव्हीचा उजेड वाढवू नका, सगळं राखाडी होतं. खिडक्या लावा, ट्यूबलाइट घालवा, मशीनचा छोटा दिवासुद्धा. म्हणजे शिवण बंद. मी सूप मांडीवर घेऊन बसते. लसूण अंधारातही सोलता येते.