विमानाने निघताना बॅग कशी भरावी

सोलापूर विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले आणि होटगी रस्त्यावरूनच विमान पकडण्याची सोय झाली, पण सामान भरण्याची आपली सवय अजून एस.टी.चीच आहे: जागा दिसेल तिथे वस्तू कोंबायची.

म्हणून आदल्या रात्री जवळ ठेवायची केबिन बॅग आणि काउंटरवर जमा करायची चेक-इन बॅग शेजारी-शेजारी उघडून बसावे व आधी दोन्हींत न चालणाऱ्या वस्तू बाजूला काढाव्यात. काडेपेटी, लायटर, फटाके आणि पूजेच्या डबीतला कापूर त्यांत येतात. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासूनच बंदी आहे. ओटीत मिळालेली सुक्या खोबऱ्याची वाटीही घरीच ठेवावी, कारण खोबऱ्यात तेलाचे प्रमाण मोठे असल्याने ते पेट घेऊ शकते आणि चेक-इन बॅगेत त्याला २०२२ पासून मनाई आहे.

त्यानंतर पॉवर बँक हाती घ्यावी, कारण सर्वाधिक चूक इथेच होते. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमधले कर्मचारी ती विझवू शकतात, सामानाच्या कप्प्यात मात्र कोणाचा हात पोहोचत नाही. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवायच्या असतात. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे आणि त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. मिलिअँपिअर-तासांच्या आकड्याला ३.७ ने गुणून १००० ने भागले की वॅट-तास मिळतात. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची भरते, म्हणजे चालते.

शेंगा चटणीचे उलटे आहे. तिखटाची पूड डोळ्यांत फेकता येते म्हणून ती केबिनमध्ये अडवली जाते, तेव्हा चटणी, मसाला आणि लोणचे घट्ट बांधून चेक-इन बॅगेत घालावे. सुरी, कात्री, विळी यांचीही जागा तीच. कडक भाकरी आणि चादरी कुठेही ठेवाव्यात. चादरींचे फक्त वजन पाहावे.

परदेशी जायचे असल्यास केबिनमधील द्रव पदार्थाची प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतचीच हवी, अर्धी रिकामी असलेली २०० ची बाटलीही चालत नाही.

खिसे शेवटी तपासावेत आणि लायटर सापडलाच, तर तो आत शिरण्यापूर्वी पोहोचवायला आलेल्या माणसाच्या हाती द्यावा.