सेरेनगेटीत सिंह बघायचे तर गाडी थांबवा

सेरेनगेटीत सिंह दिसायला फार नशीब लागत नाही. टांझानियातल्या या उद्यानाच्या मधोमध, सेरोनेरा नदीच्या काठाकाठाने दोन दिवस फिरलात तर बहुधा दिसतातच. माझ्या पहिल्या खेपेला वायरलेसवर बातमी आली की आमची गाडी धावत सुटायची. दहा मिनिटं थांबायचं, फोटो काढायचे, की पुढे. चार दिवसांत सिंह पुष्कळ दिसले, कळलं मात्र काहीच नाही. पुढे दोनदा गेले ती एकेका कळपापाशी बसून राहायलाच.

त्यामुळे आदल्या संध्याकाळीच गाइडला सांगून ठेवा: सिंह सापडले की आपण तिथेच थांबायचं. पाहुणे कंटाळतील या धास्तीने ते गाडी हलवतात, म्हणून हे आधी बोललेलं बरं. परवडत असेल तर गाडी फक्त आपल्या माणसांची घ्या. अनोळखी सहप्रवाशांना दोन-दोन तास एका झाडाखाली बसवणं योग्य नाही.

जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने सोयीचे, गवत कमी असतं. सिंह ज्यांची शिकार करतात त्या विल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचे कळप तेव्हा उत्तरेकडे गेलेले असले तरी काळजी नको. सिंहांचे कळप त्यांच्या मागोमाग जात नाहीत, आपापला इलाखा धरून राहतात. निळे-काळे कपडे टाळा, त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या त्या रंगांवर येतात.

नाश्ता डब्यात घ्या आणि सकाळी सहाला बाहेर पडा. सिंह दिवसाचे वीस-वीस तास लोळून काढतो, ऊन चढलं की सावलीतून हलत नाही. सिंह शोधायचा तर आधी बाकीच्या जनावरांकडे बघा. झेब्रे चरायचं सोडून सगळे एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर दुर्बीण तिकडे वळवा. पिवळ्या गवतात सिंहाचं अंग विरघळून जातं. दिसतात ते कानांमागचे काळे डाग आणि शेपटीचा काळा गोंडा. मैदानातून वर आलेले ग्रॅनाइटचे खडक, ज्यांना तिथे कोपी म्हणतात, तेही निरखून बघा. आणि झाडांच्या आडव्या फांद्या विसरू नका, सेरोनेराचे सिंह झाडावरही चढतात.

सिंह सापडले की इंजिन बंद. उद्यानात रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे, गाइडला तसा आग्रह कधीही करू नका. गाडीबाहेर हात काढू नका, खाली उतरायचा तर प्रश्नच नाही. सिंहीण आणि तिची पिल्लं, किंवा सिंहीण आणि तिची शिकार, यांच्या मधे आपली गाडी येत असेल तर मागे घ्यायला सांगा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग चेहरे बघा. मिशांच्या वरच्या ओळीतले ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, अभ्यासक त्यावरूनच सिंह ओळखतात. कोवळ्या वयात नाक गुलाबी असतं, वय वाढतं तसे त्यावर काळे ठिपके धरत जातात. एका कळपातल्या पाच सिंहिणी मी अशा वेगळ्या करून वहीत मांडल्या आणि तेव्हापासून तो नुसता 'कळप' राहिला नाही. गुलाबी नाकाची एक उठली की प्रत्येकीच्या डोक्याला डोकं घासून मगच दुसरीकडे जाऊन पडायची.

दुपारी चारनंतर जागचं हलू नका. आधी एक जांभई देते, मग शेजारची, मग तिसरी. पाठी ताणल्या जातात. एखादीचे कान पुढे येतात, मान खांद्यांच्या रेषेत उतरते आणि शेपटी थांबते. इथे बोलणं बंद करा, कॅमेऱ्याचा आवाजही. आम्ही जिला बघत होतो ती 'टोपी' जातीच्या हरणांच्या दिशेने वीस पावलं गेली आणि गवतात बसली. अर्धा तास तशीच. अंधाराआधी मुक्कामी पोचणं बंधनकारक असल्याने आम्हाला निघावं लागलं. ती तेव्हाही तिथेच होती.

रात्री तंबूत दिवा मालवून ऐका. शांत हवेत गर्जना आठ किलोमीटरपर्यंत पोचते. कोणत्या दिशेने आली ते लक्षात ठेवा आणि पहाटे गाइडला तिकडेच न्यायला सांगा. तंबूबाहेर जायचं असेल तर पहारेकऱ्याला बोलवा, एकट्याने पाऊल टाकू नका.