रेझ्युमेत कोणते सॉफ्टवेअर लिहावे आणि कोणते गाळावे

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखती घेताना खानापूरकडच्या एका मुलाचा रेझ्युमे माझ्या हाती आला होता. त्यात एकूण चौदा सॉफ्टवेअरांची नावे होती. टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर समोर उघडून देऊन त्याला कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाचे विक्रीचे बिल करायला सांगितले, तेव्हा त्याने राज्यातल्या राज्यात होणाऱ्या विक्रीचे सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन कर लावले. गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता, म्हणजे माल महाराष्ट्रात चालला होता, आणि कर्नाटकाचा आकडा २९ असल्यामुळे तिथे फक्त आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या विक्रीवरचा कर, लागायला हवा होता. सीमाभागात बसून टॅली शिकणाऱ्याची चूक इथेच व्हावी, याचे वाईट वाटले. उरलेल्या तेरा नावांबद्दल मग कोणी विचारलेच नाही.

म्हणून यादी रेझ्युमेत लिहिण्याआधी ती एका कच्च्या कागदावर उतरवावी आणि प्रत्येक नावासमोर त्या सॉफ्टवेअरमध्ये आपण शेवटचे कोणते काम केले आणि ते केव्हा केले, हे लिहावे. ज्या नावासमोर काहीच सुचत नाही, ते तिथेच खोडावे. जे उरेल त्याविषयी स्वतःला एवढेच विचारावे, की उद्या मुलाखतीत संगणकासमोर अर्धा तास एकटे बसवले तर यात मी काही करून दाखवू शकेन का. क्लासचे प्रमाणपत्र असणे हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

नुसते नाव लिहिण्यापेक्षा काम लिहिणे केव्हाही चांगले. ‘एमएस ऑफिस’ या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. ‘एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, व्हीलूकअप आणि हजेरीवरून पगारपत्रक’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. इंटरनेट, ई-मेल, विंडोज हे आता कोणी कौशल्य म्हणून मोजत नाही, तेव्हा ती ओळ गाळावी.

कारखान्यातील नोकरीसाठी हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे ‘सीएनसी येते’, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारे यंत्र येते, या वाक्याचे तीन अर्थ होतात: जॉब (घडवायचा तुकडा) यंत्रावर लावून सायकल स्टार्ट दाबणारा ऑपरेटर, जी५४ सारखे ऑफसेट (जॉब यंत्रावर नेमका कुठे आहे याची मापे) घेऊन पहिला पीस मापात काढणारा सेटर आणि ड्रॉइंग पाहून प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅमर. या तिघांचे पगार वेगळे असतात आणि मुलाखतीत तिघांना वेगळे प्रश्न विचारले जातात, म्हणून आपण यांपैकी नेमके कोण आहोत हे लिहावे आणि यंत्राचा कंट्रोल फॅनक कंपनीचा हाताळला की सीमेन्सचा, हेही सांगावे. ऑटोकॅडचेही तसेच आहे: तयार ड्रॉइंगमध्ये माप बदलणे आणि हातात दिलेला पार्ट व्हर्नियरने मोजून त्याचे टॉलरन्ससह (मापात किती फरक चालेल यासह) ड्रॉइंग काढणे, या दोन्ही कामांना एकच नाव देऊ नये.

सीमाभागातील मराठी मुले एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे टायपिंग. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा युनिकोडमध्ये टाइप करता येत असतील, किंवा कन्नडसाठी नुडी हे टायपिंगचे सॉफ्टवेअर वापरता येत असेल, तर ते वेगळ्या ओळीत ठळकपणे लिहावे. निपाणी-चिकोडीकडच्या सहकारी संस्थांच्या कार्यालयांत ही ओळ फोटोशॉपपेक्षा जास्त उपयोगी पडेल. एमएस-सीआयटी केलेल्यांनी ती कोल्हापूर-पुण्याच्या अर्जात तशीच लिहावी, मात्र बेंगळूरूच्या अर्जात नुसत्या नावावर न थांबता त्यात काय शिकलो ते लिहावे, कारण तो महाराष्ट्रातील अभ्यासक्रम आहे.

उरलेल्या नावांचा क्रम जाहिरात पाहून ठरवावा आणि नाव जाहिरातीत जसे छापले असेल तसेच लिहावे. टॅली ईआरपी ९ या जुन्या आवृत्तीवर शिकला असाल तर तसे लिहिण्यात कमीपणा नाही, पण २०२० साली आलेले टॅलीप्राइम मुलाखतीआधी एकदा चालवून पाहावे. नावापुढे चांदण्या किंवा टक्केवारी देऊ नये. ‘एक्सेल ८० टक्के’ म्हणजे कोणते २० टक्के येत नाही, असे मी स्वतः एकदा विचारले होते आणि उत्तर मिळाले नव्हते. सध्या काही शिकत असाल तर ‘शिकत आहे’ असे स्पष्ट म्हणून एकच नाव शेवटी ठेवावे.

यादी सहा-सात नावांवर आली, की प्रत्येकाचा एक नमुना, म्हणजे एखादे ड्रॉइंग किंवा खोटे आकडे भरलेली एक्सेलची फाइल, पेन ड्राइव्हवर घेऊन मुलाखतीला जावे. जुन्या मालकाची खरी फाइल मात्र नेऊ नये.