चार्टवर श्वास २०, खाटेवर २८: वॉर्डातल्या या चुका टाळा

वॉर्डातला कुठलाही टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) उघडून पाहा. नाडी ७८, ९२, ८४ अशी हलते, ताप वरखाली होतो, श्वासाच्या रकान्यात मात्र ओळीने २०, २०, २०. बारा रुग्णांची फुप्फुसं एका तालावर चालत नाहीत. हा आकडा मोजलेला नसतो, भरलेला असतो. आणि रुग्ण बिघडू लागला की बरेचदा सगळ्यात आधी बदलतो तो श्वासच. बीपी पडतं ते उशिरा, तरुण रुग्णात तर फारच उशिरा. कारण शरीर नाडी वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून ते बराच वेळ सावरून धरतं.

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते. रुग्णाला सांगून मोजू नका, कळलं की तो वेगळाच श्वास घेऊ लागतो. नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावर तशीच ठेवा आणि नजर छातीकडे वळवा. न्यूज-२ स्कोअरमध्ये (श्वास, नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन, शुद्ध अशा निकषांना गुण देऊन रुग्ण किती बिघडलाय ते सांगणारी बेरीज) १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला २, आणि २५ च्या पुढे किंवा ८ च्या खाली ३ गुण मिळतात (२५ आणि ८ धरून). एकाच निकषात ३ आले किंवा बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने कळवायचं. ७ झाली की आपत्कालीन. म्हणजे अंदाजाने लिहिलेला एक २० तीन गुण गिळतो आणि फोन होतच नाही.

'सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९७ आहे, ठीक आहे' हे वाक्य ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाबाबत फसवं ठरतं. मॉर्फिन (श्वास मंदावू शकणारं वेदनाशामक) मिळालेला रुग्ण मिनिटाला ८ श्वास घेत असेल, तरी मास्कमुळे आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. ऑक्सिमीटर तो मोजत नाही. हाक मारून पाहा: डोळे उघडतो का, वाक्य पुरं करतो का, की मधेच पेंगतो? आकडा खोटा कमी येण्याची कारणं मात्र साधी असतात. गार बोटं, नेलपॉलिश, त्याच हातावर फुगलेला बीपीचा कफ.

रात्री रुग्ण अचानक बडबडू लागला, नळ्या ओढू लागला तर झोपेचं इंजेक्शन मागण्याआधी सॅच्युरेशन, साखर आणि लघवीची पिशवी पाहा. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी. पिशवी रिकामी असेल तर आधी नळी कुठे मुडपली आहे का ते बघा. मूत्राशय तुंबून तळमळणाऱ्या रुग्णाला 'भ्रमिष्ट' ठरवलं जातं.

आता औषधं. इन्सुलिनच्या सिरिंजवरची खूण म्हणजे युनिट, पण फक्त व्हायल (औषधाची छोटी बाटली) आणि सिरिंज एकाच जातीची असतील तरच. जात म्हणजे एका मिलीत किती युनिट, ४० की १००. ४० च्या व्हायलला ४० ची सिरिंज (झाकण सहसा लाल), १०० च्या व्हायलला १०० ची (सहसा केशरी). १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलंत तर ते अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट झालं, अडीचपट. उलट केलंत तर २० ऐवजी फक्त ८ युनिट जातं, आणि ही चूक जास्त लबाड आहे. साखर उतरत नाही म्हणून राउंडला डोस वाढतो, मग एखाद्या पाळीत कुणी योग्य सिरिंज घेतं आणि रुग्णाची साखर धाडकन खाली येते. झाकणाच्या रंगावर भरवसा ठेवू नका, व्हायलवरचा आणि सिरिंजवरचा आकडा वाचा.

पोटॅशियम क्लोराइडच्या १५ टक्क्यांच्या १० मिली अँप्यूलमध्ये (काचेची किंवा प्लास्टिकची बंद कुपी) सुमारे २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं. ते थेट शिरेत ढकलायचं नाही, कधीच नाही, हृदय थांबतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. राहून जाते ती पुढची पायरी. टांगलेल्या, चालू सलाईनमध्ये अँप्यूल टोचली की हे जड द्रावण तळाशी, थेट सेटच्या (बाटलीपासून शिरेपर्यंतची नळी) तोंडाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत दाट पोटॅशियम शिरेत उतरतं. क्लॅम्प बंद करा, बाटली खाली काढा, औषध टाका, दहा वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, मगच टांगा. वॉर्डात साधारण तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर जात नाहीत, म्हणजे एका अँप्यूलला किमान दोन तास.

रक्त चढवताना 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारू नका. गुंगीतला, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस 'हो'च म्हणतो. 'पूर्ण नाव सांगा' म्हणा आणि ते मनगटपट्टीशी, पिशवीशी ताडा. पहिली १५ मिनिटं खाटेपाशी थांबा. थंडी वाजली, कंबर दुखली, श्वास लागला तर आधी रक्त बंद, फोन नंतर. तोच सेट सलाईनने धुऊ नका, नळीतलं उरलेलं रक्तही आत जाईल. सेट कॅन्युलापासून (शिरेत बसवलेली बारीक नळी) काढा आणि नवीन सेटने सलाईन लावा.

शेवटी फोन. 'सर, बेड ७ बरा वाटत नाहीये' यावर 'बघतो' एवढंच उत्तर येतं. असं सांगा: 'सर, बेड ७, आतड्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. श्वास २८, नाडी ११८, बीपी १०४/६०, ताप ३८.६ सेल्सिअस, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९४, शुद्धीवर आहेत. स्कोअर ८. दोन तासांत लघवी ४० मिली. तुम्ही आत्ता येऊन पाहावं. तोवर कुठली रक्ततपासणी पाठवू?' तोंडी ऑर्डर मिळाली तर लिहून घ्या आणि वाचून दाखवा. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून 'एक-पाच' की 'पाच-शून्य' असं विचारा. नोंदीत नुसतं 'डॉक्टरांना कळवलं' नको. किती वाजता, कोणाला, काय आकडे सांगितले आणि काय उत्तर मिळालं ते हवं. स्कोअर ७ किंवा त्याहून जास्त असून कोणी आलं नाही तर वाट बघत न बसता वरिष्ठांना फोन लावा, आणि तोही वेळेसह लिहा.