आपल्या नगरपालिकेची सामाजिक-आर्थिक पाहणी: कागद कुठले काढायचे आणि आकडे कसे वाचायचे

आपल्या शहराचं दरडोई उत्पन्न किती, हा प्रश्न पाहणीच्या पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतं. उत्तर एकच: असा आकडा नसतो. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय उत्पन्नाचे अंदाज जिल्ह्यापर्यंतच काढतं. जिल्ह्याचा आकडा उचलून शहराला चिकटवलेला अहवाल दिसला तर पुढची पानं संशयानेच वाचावीत. शहराची स्थिती कळते ती चार-पाच वेगवेगळ्या कागदांवरून, आणि त्यातला प्रत्येक कागद कुठेतरी फसवतो. कुठे फसवतो ते माहीत असलं की काम निम्मं झालं.

आधी हद्द

कुठल्याही आकड्याला हात लावण्याआधी नगरपालिकेची आजची हद्द आणि २०११ च्या जनगणनेवेळची हद्द शेजारी ठेवा. मध्यंतरी हद्दवाढ झाली असेल तर त्या गावांचे आकडे जनगणनेत ग्रामीण भागात सापडतील. ते वेगळे काढून मिळवावे लागतात. शहराला खेटून असलेली काही गावं ग्रामपंचायतच असतात, पण जनगणना त्यांना ‘जनगणना शहर’ म्हणते. त्याचे निकष तीन: लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. ही गावं पाहणीत घ्यायची की नाही ते पहिल्या पानावर लिहून टाका, नाहीतर प्रत्येक तक्त्यात तोच वाद.

दुसरी अडचण वॉर्डांची. जनगणनेचा वॉर्ड आणि आजचा निवडणूक प्रभाग एकच नसतात. प्रभाग २०११ च्या लोकसंख्येवरच बांधले गेले, पण त्यांच्या सीमा वेगळ्या आहेत. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे प्रगणक गट, म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला मोजायला दिलेला घरांचा गट. प्रभाग रचनेच्या कागदपत्रांत कुठले प्रगणक गट कुठल्या प्रभागात गेले ते असतं, आणि त्यावरून जुने आकडे नव्या प्रभागात ढोबळमानाने बसवता येतात. काम किचकट आहे. दोघांनी बसून केलं तर चुका कमी होतात.

जनगणनेतले तीन सापळे

प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यात शहराचे आकडे वॉर्डनिहाय मिळतात: कुटुंबं, लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे. शहरातल्या सुविधांची माहिती जिल्हा जनगणना पुस्तिकेत असते. अलीकडची काही आकडेवारी दरवर्षीच्या ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना’त सापडते.

पहिला सापळा साक्षरतेचा. साक्षरता सात वर्षं आणि त्यावरच्यांचीच मोजतात. समजा वॉर्डात १०,००० माणसं आहेत, त्यात ० ते ६ ची मुलं १,३०० आणि साक्षर ७,४००. सरळ भागलं तर ७४ टक्के येतात. बरोबर हिशेब ७,४०० भागिले ८,७००, म्हणजे ८५ टक्के. लहान मुलं जास्त असलेल्या गरीब वस्त्यांवर ही चूक सगळ्यात जास्त अन्याय करते: आधीच मागे असलेला वॉर्ड कागदावर आणखी मागे जातो.

दुसरा लिंग गुणोत्तराचा. बाहेरगावचे पुरुष कामाला येऊन राहतात अशा शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया कमी दिसणारच, त्यावरून मुली नकोशा आहेत असा निष्कर्ष निघत नाही. त्यासाठी ० ते ६ चं गुणोत्तर वेगळं काढा. २०११ मध्ये महाराष्ट्राचं एकूण गुणोत्तर ९२९ आणि मुलांमधलं ८९४ होतं. आपला वॉर्ड या दोन्हींच्या तुलनेत कुठे आहे ते पाहा. वॉर्डात ० ते ६ ची मुलं तीनशे-चारशेच असतील तर मात्र आकडा सहज वर-खाली होतो. दोन-तीन वॉर्ड एकत्र करून पाहावं.

तिसरा सापळा कामाचा. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर ‘मुख्य’, त्याहून कमी तर ‘सीमांतिक’ कामगार. कामाचे चार गट: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’. शहरात बहुतेक सगळे ‘इतर’मध्येच जातात. शिक्षक, हमाल, डॉक्टर, रिक्षावाला सगळे एका रकान्यात.

इचलकरंजीचं उदाहरण

हा ‘इतर’ रकाना किती लपवतो ते इचलकरंजीत स्पष्ट दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे शहर १८९३ पासून नगरपालिका, १९०४ मध्ये इथे पहिला यंत्रमाग आला, २०११ ला लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार, आणि २०२२ मध्ये महापालिका झाली. शहर यंत्रमागावर जगतं हे एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या ऐकू येतं. जनगणनेत मात्र ते दिसत नाही. शहरी भागात ‘घरगुती उद्योग’ म्हणायचं तर काम राहत्या घराच्या आवारातच व्हावं लागतं. घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या शेडमध्ये चार माग चालवणारा आणि शंभर मागांच्या कारखान्याचा मालक दोघेही ‘इतर’.

मग काय करायचं? महावितरणकडून यंत्रमाग वर्गवारीची वीजजोडणी संख्या घ्या, २७ अश्वशक्तीपर्यंतची आणि त्यावरची वेगळी. लहान आणि मोठ्या कारखानदाराची रेघ साधारण तिथे पडते. माग किती यापेक्षा चालू किती हे महत्त्वाचं; त्यासाठी शेवटच्या बारा महिन्यांचा वर्गवारीनिहाय एकूण वीजवापर मागा. वापर घटला आणि जोडण्या तेवढ्याच राहिल्या, तर माग बंद पडलेत किंवा एकाच पाळीत चालतात.

मालकांतही दोन प्रकार. स्वतः सूत घेऊन कापड विकणारा वेगळा, आणि व्यापाऱ्याचं सूत घेऊन मीटरमागे मजुरीवर विणून देणारा खर्चीवाला वेगळा. खर्चीवाल्याची मजुरी पिकावर (कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे त्यावर) ठरते, म्हणून दर विचारताना ‘५२ पिकाला किती’ असंच विचारा. नुसतं ‘मीटरला किती’ विचारलं तर प्रत्येकजण वेगळ्या कापडाचा दर सांगेल आणि तुमची सरासरी निरर्थक होईल. कामगारांमध्येही माग चालवणारा, कांडीवाला (आडव्या सुताच्या कांड्या भरणारा), जॉबर (माग दुरुस्त करणारा), वहिफणीवाला (उभे धागे वही-फणीतून ओवणारा) यांची मजुरी निरनिराळी. घरी बसून कांड्या भरणारी किंवा शिलाई करणारी बाई तर ‘काम करता का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणते. तिला ‘गेल्या आठवड्यात पैसे मिळतील असं काही केलं का’ असं विचारावं लागतं.

तुमचं शहर मागाचं नसेल तर रकाने बदला, रीत तीच: शहर ज्या धंद्यावर उभं आहे त्याची वीज, परवाने किंवा बाजार समितीतली आवक धरा.

नळ आहे, पाणी किती?

जनगणनेच्या घरयादीच्या तक्त्यांत छप्पर, भिंती, खोल्या, संडास, गटार, स्वयंपाकाचं इंधन, बँक खातं, दुचाकी अशी माहिती असते. पाण्याचा स्रोत ‘आवारात’, ‘जवळ’ की ‘लांब’ हेही. शहरात १०० मीटरपर्यंत ‘जवळ’. ‘यांपैकी काहीच नाही’ हा मालमत्तेचा रकाना आधी बघा. टीव्ही, फोन, सायकलसुद्धा नसलेली घरं कुठल्या वॉर्डात एकवटलीत ते तो एकटाच सांगून जातो.

पण ‘आवारात नळ’ म्हणजे पाणी नव्हे. ते मोजायचं असेल तर बादली घ्या. नळाला मोटार न लावता १५ लिटरची बादली ४५ सेकंदांत भरली, तर मिनिटाला २० लिटर. पाणी तासभर येत असेल तर १,२०० लिटर. तीन दिवसांतून एकदा येत असेल तर दिवसाला ४००, आणि घरात पाच माणसं असतील तर माणशी ८० लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरतात. आता त्याच घरात साठवायला ५०० लिटरचीच टाकी असेल, तर १,२०० लिटर आले काय आणि न आले काय, माणशी ३३ लिटरच पदरात पडतात. गरीब घराचं पाणी नळापेक्षा टाकीने ठरतं, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. माप जलवाहिनीच्या सुरुवातीच्या आणि टोकाच्या अशा दोन्ही घरांत घ्या. शेजाऱ्याची मोटार चालू असेल तर नोंद करा.

रेशनकार्डावरून गरिबी मोजू नका

रेशनच्या सवलतीच्या धान्याला पात्र अशा ‘प्राधान्य कुटुंबा’साठी शहरी उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये, म्हणून कार्ड मोजले की गरीब मोजले असं वाटतं. पण लाभार्थींचा इष्टांक, म्हणजे किती जणांना लाभ द्यायचा तो आकडा, वरून ठरून येतो. राज्याच्या शहरी भागासाठी तो लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के आहे. इष्टांक भरला की पात्र माणूसही बाहेर राहतो. शिवाय बाहेरच्या राज्यातून आलेल्या कामगाराचं कार्ड बहुधा गावीच असतं. पुरवठा कार्यालयातून कार्डांच्या संख्येबरोबर प्रलंबित अर्जही मागा. जास्त बोलका आकडा तो आहे.

अर्थसंकल्प: अंदाज सोडा, ‘प्रत्यक्ष’चा रकाना वाचा

नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात प्रत्येक शीर्षासमोर साधारण तीन रकाने असतात: मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचे सुधारित आणि पुढच्या वर्षाचे अंदाज. बातम्या अंदाजावर होतात. तुम्ही पाच वर्षांचे अर्थसंकल्प घ्या आणि फक्त ‘प्रत्यक्ष’ उतरवा. ‘शिलकी अर्थसंकल्प’ या शब्दावर जाऊ नका. सुरुवातीची शिल्लक बहुतेकदा योजनांच्या न खर्चलेल्या अनुदानाची असते आणि ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

मग उत्पन्नाचे दोन ढीग करा. स्वतःचं: मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार फी, बांधकाम परवानगी व विकास शुल्क. बाहेरचं: राज्याचं सहायक अनुदान, मुद्रांक शुल्काचा हिस्सा, वित्त आयोग, योजना. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, तेव्हापासून पगार मोठ्या प्रमाणात सहायक अनुदानावर चालतात. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) निधी पगाराला चालत नाही. दहा लाखांखालच्या शहरांत त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला आहे. म्हणून ‘एवढे कोटी आले, रस्ता का नाही’ असं विचारण्याआधी पैसा कुठल्या शीर्षात आला ते पाहा.

कर वसुलीचा टक्का हा सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा आकडा. समजा चालू मागणी ४ कोटी, थकबाकी ६ कोटी आणि वर्षभरात वसूल साडेतीन कोटी. वसुली ३५ टक्के. पण त्यातले २ कोटी ८० लाख चालू मागणीचे असतील, तर चालू वसुली ७० टक्के आहे. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते. जुन्या, वादातल्या किंवा दोनदा नोंदलेल्या मालमत्तांवर ती वर्षानुवर्षं फुगते आणि शहर करबुडवं दिसतं. म्हणून मागणी-वसुली-शिल्लक तक्ता मागताना चालू, थकीत आणि शास्ती असे तीन रकाने वेगळे आणि प्रभागनिहाय मागा.

पाणीपुरवठ्याचं वीजबिल आणि पाणीपट्टीची प्रत्यक्ष वसुली शेजारी मांडा. वसुलीतून बिलसुद्धा भागत नसेल तर दुरुस्तीला पैसा येणार कुठून? दुर्बल घटक, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवायची ५-५ टक्के रक्कम पाहतानाही तरतूद सोडा, खर्च बघा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम झालेला खर्च असेल तर खरेदी कसली ते विचारा.

कागद मिळवताना

लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन ठेवणं वित्त आयोगाच्या अनुदानाची अट आहे. सिटीफायनान्स पोर्टलवर आधी शोधा. तिथे नसेल ते माहिती अधिकारात. अर्जाचा नमुना जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील. एका अर्जात एकच विभाग घ्या. कर, पाणी आणि लेखा एकाच अर्जात कोंबले की अर्ज तीन टेबलांवर फिरतो आणि उत्तर एकाचंच येतं. ‘शहराच्या स्थितीची माहिती द्यावी’ असं लिहिलं की ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं छापील उत्तर ठरलेलं. कागदाचं नाव, वर्ष आणि रकाने लिहा.

गल्लीत उतरताना

शेवटी शंभर-दीडशे घरं तरी गाठावी लागतात. वॉर्डांचे तीन गट करा (सुविधा चांगल्या, मध्यम, कमी), प्रत्येकातून दोन वॉर्ड, आणि गल्लीच्या तोंडापासून दर पाचवं घर. बंद घर आलं तर शेजारचं घेऊ नका. संध्याकाळी परत जा. नाहीतर दोघंही कामाला जाणारी घरं तुमच्या पाहणीतून आपोआप गळतात आणि बेकारी वाढलेली दिसते. रातपाळीच्या वस्तीत सकाळी जाणं म्हणजे झोपमोड करून शिव्या खाणं.

उत्पन्न थेट विचारू नका. रेशनच्या भीतीने माणसं कमी सांगतात, सोयरिकीच्या घरात जास्त. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात काम किती दिवस मिळालं, रोजची हजेरी (मजुरी) किती, घरभाडं आणि डिपॉझिट किती, गेल्या महिन्याचं वीजबिल किती, बचत गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता किती आणि तो भरायला कुठून उसने घेतले. वीजबिल दाखवायला सांगितलं की सहसा दाखवतात. त्यावरच्या मागच्या महिन्यांच्या युनिटमधून त्या घराचं वर्ष कसं गेलं ते दिसतं.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर २०११ च्या प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहा, आणि तुमच्या शंभर घरांचे टक्के दशांशात देऊ नका.