‘रिटर्न ऑफ द किंग’मधील तटाची लढाई कशी लढावी

‘रिटर्न ऑफ द किंग’ या चित्रपटावर बेतलेला, त्याच नावाचा आणि २००३ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने आणलेला हा गेम जुन्या संगणकावरही नीट चालतो, म्हणून विदर्भातल्या खेड्यांत तो आजही खेळण्याजोगा आहे. मात्र भारनियमनाचा नेम नसल्याने प्रत्येक मोहीम संपताच प्रगती जतन करावी आणि संगणक शक्यतो इन्व्हर्टरवर ठेवावा.

एकच वार सतत मारत राहणे ही नवख्यांची सवय आधी मोडावी. जलद वार, जोरकस वार आणि शत्रूचा घाव अडवणे यांची अदलाबदल केली की वारांचा दर्जा वाढतो आणि अनुभवगुण अधिक मिळतात. या गुणांतून मोहिमेनंतर नवे डाव विकत घेता येतात. काही डाव एका योद्ध्यापुरते असतात, तर काही सर्व सोबत्यांना लागू होतात. माझ्या मते सुरुवातीला दुसऱ्या प्रकारचे घेणेच फायद्याचे.

मिनास तिरिथ या वेढा पडलेल्या नगरीच्या तटावर गँडाल्फ हा जादूगार म्हणून लढताना ऑर्क (शत्रूचे राक्षसी सैनिक) मारण्यापेक्षा शिड्यांकडे लक्ष द्यावे, कारण शिडी उभी आहे तोवर तिच्यावरून शत्रू चढतच राहतो आणि तटावर फार गर्दी झाली की मोहीम हातची जाते. शिडीच्या अगदी जवळ जाऊन तिला लाथेने ढकलावे, आणि ती कोसळताच तिथल्या ऑर्कांत न गुंतता पुढची गाठावी. दोघे मिळून खेळत असल्यास कॅमेरा सामाईक असल्याने एकमेकांपासून लांब जाऊ नये.